शमीमबाईंचा अंदाज चुकला नव्हता

आमच्या निवृत्त शिक्षकांच्या मोबाइलवरच्या गटात दर दोन-चार दिवसांनी कोणाचा तरी फोटो येतो. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि पेटलेली समई. या वयात त्याची सवय होते. त्या सकाळी चहा पिता पिता मी नेहमीप्रमाणे जोडलेल्या हातांचं चित्र पाठवून दिलं आणि मग चष्मा लावून नाव वाचलं... शमीमबाई. मी पुन्हा वाचलं. फोटो ओळखीचा होता. आमच्या शाळेतल्या एका निरोप समारंभाच्या फोटोतून बाईंचा चेहरा कापून काढला होता आणि कडेला एका पांढऱ्या सदऱ्याची बाही तेवढी राहून गेली होती. ती बाही माझी होती. माझे जोडलेले हात तोवर गटात पोहोचले होते, त्यांच्याखाली आणखी कोणाकोणाचे आले होते. मी ते पुसून टाकायला गेलो, पण पुसून तरी काय करणार होतो? बाई माझ्यापेक्षा कितीतरी लहान. अजून नोकरीत होत्या. मी फोन करून विचारलं, "आपल्याच शमीमबाई का?" पलीकडून आमचे जुने सहकारी म्हणाले, "हो ना सर. काल शाळेतून आल्या, जरा पडते म्हणाल्या अन् उठल्याच नाहीत. दफन झालंसुद्धा."

पुढच्या रविवारी आम्ही काही जण शाळेच्या हॉलमध्ये जमलो. बाईंबद्दल सगळे चांगलं बोलले. त्या हसतमुख होत्या, अक्षर सुंदर होतं, मुलं त्यांच्यामागे पळायची. शेवटी एक गृहस्थ म्हणाले, "बाई फार चांगल्या, फक्त त्या एका प्रकरणात पालकांना काहीतरी भलतंच सांगून बसल्या. पण आपल्या सरांनी वेळीच सांभाळून घेतलं." आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. सभेचा अध्यक्ष मीच होतो. मला बोलायचं होतं, बोलता आलं असतं. मी उभा राहिलो, दोन मिनिटं शांत उभं राहू या म्हणालो आणि आम्ही घरी गेलो. तिथे जे बोललो नाही, ते आता वर्तमानपत्राच्या या पुरवणीत लिहितो आहे. बाईंबद्दल ज्यांच्या कानावर ते 'प्रकरण' गेलं असेल, त्यांनी कृपा करून हे वाचावं.

शमीमबाई मूळ धुळ्याच्या. वडील शिवणकाम करायचे. घरात हिंदी-उर्दू, पण बाई शिकल्या मराठी शाळेत आणि मराठी इतकं स्वच्छ बोलायच्या की नवे पालक नाव ऐकून चमकायचे. मी जळगावात एका खासगी प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक होतो, तिथे त्या माझ्या हाताखाली होत्या. आमच्याकडे येणारी मुलं डाळ मिलमधल्या हमालांची, रिक्षावाल्यांची, सराफ बाजारात डाग देऊन दागिन्यांचे सांधे जोडणाऱ्या कारागिरांची. आईबापांना शाळेबद्दल फार आदर होता, आणि शाळा त्यांना काय कळवते आहे ते अजिबात कळत नव्हतं. पूर्वी मार्क होते तेव्हा निदान पस्तीसच्या वर की खाली एवढं तरी समजायचं. मग श्रेणी आल्या. अ-एक, अ-दोन, ब-एक, ब-दोन, असं खाली इ-दोनपर्यंत. शिवाय आठवीपर्यंत कोणी नापास नाही. प्रगतिपत्रक घेऊन माणसं शाळेच्या फाटकाशी थांबत आणि एकमेकांना विचारत, "चांगलं शे का वाईट?"

एकदा मधल्या सुट्टीत बाई माझ्याकडे रागाने लाल होऊन आल्या. एका बापाने फाटकाबाहेर मुलाला धपाटा घातला होता. शेजारच्या मुलाला ब-दोन आणि आपल्याला ब-एक, म्हणजे दोनपेक्षा एक कमी, असा त्याचा सरळ हिशेब. "त्याले ब-दोन भेटना, अन् तुले एकच?" असं म्हणत त्याने पोराला बदडलं होतं, आणि पोरगा खरा शेजाऱ्यापेक्षा पुढे होता. बाई म्हणाल्या, "सर, आपण यांच्या हातात कागद देतो की काठी?" मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत. पुढच्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर त्यांनी पालकांना वर्गात बसवून घेतलं आणि श्रेणी म्हणजे काय ते सांगायला सुरुवात केली. परवानगी मागायला आल्या होत्या, मी म्हटलं, करा. मला वाटलं, दोन शनिवार चालेल.

ते वाढतच गेलं. मी कधी कधी व्हरांड्यातून जाताना ऐकायचो. बाईंची पद्धत अशी की प्रगतिपत्रक आधी उघडायचंच नाही. आधी मूल बोलवायचं, त्याला काहीतरी वाचायला लावायचं, आईबापांनी ते ऐकायचं. वाचायला पाठ्यपुस्तक मात्र नाही. औषधाच्या बाटलीवरचं, पिशवीवरचं, समोरच्या दुकानाच्या पाटीवरचं. मग म्हणायच्या, "ऐकलंत? आता कागद बघा. कागदात याहून वेगळं काही लिहिलेलं असेल तर माझ्याशी भांडा." शिक्षकांनी प्रत्येक मुलाबद्दल दोन ओळी लिहायच्या असतात. त्या नोंदींच्या तयार पुस्तिका दुकानात मिळत आणि आम्ही सगळे त्यातूनच उतरवत असू. 'स्वाध्याय वेळेवर पूर्ण करतो.' 'वर्गात क्रियाशील असते.' पुस्तिका बदलली की शाळाभर मुलांचे गुण बदलत. बाई स्वतःचं लिहायच्या. एका मुलीबद्दल लिहिलं होतं, 'बडबड फार करते, पैकी निम्मी विचार करण्यासारखी असते.' मी त्यांना बोलावून म्हटलं, "बाई, हे तपासणीला दाखवायचं असतं." तर म्हणाल्या, "मग उरलेल्या निम्म्या बडबडीचं लिहू का सर?"

आता पटसंख्येचं सांगायला हवं, कारण तिथेच माझं पाणी मुरत होतं. जवळच एक इंग्रजी माध्यमाची शाळा निघाली होती. आमचा पट दर वर्षी उतरत होता. पट घसरला की तुकडी जाते, तुकडी गेली की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो. आमच्याकडे नापास तर कोणी नव्हतंच, पण खालच्या श्रेणी दिसल्या की पालक घाबरतात आणि मुलं काढून नेतात, असं माझं मत झालं होतं. मी सगळ्यांना सांगून टाकलं की आपल्या शाळेत 'क' लिहायचा नाही. हे कुठे लिहून ठेवलं नव्हतं, नुसतं बोललो होतो. बाकीच्यांनी माना डोलावल्या. बाई म्हणाल्या, "मग ज्याला वाचता येत नाही त्याला काय लिहायचं?" मी म्हटलं, "ब." त्या म्हणाल्या, "लिहिते सर, पण मला कोणी विचारलं तर मी खरं सांगेन." मला वाटलं, कोण विचारायला येतंय...

आला तो सुपडू. डाळ मिलमध्ये पोती वाहणारा. उन्हाने करपलेला, बोलायला मऊ. त्याची वैशाली चौथीत बाईंच्या वर्गात होती. मला कबूल करूनही बाईंनी तिला भाषेत क-दोन लिहिलं होतं, मी ते पत्रक परत पाठवलं आणि त्यांच्याच हाताने नवीन लिहून घेतलं, ब-एक. शनिवारी सुपडूने ते बाईंपुढे ठेवून विचारलं, पोर ठीक आहे ना? बाईंनी वैशालीला बाहेरच्या दुकानाची पाटी वाचायला सांगितली. पोरीला ती वाचता आली नाही. बाईंनी सुपडूला सांगितलं की ती अजून वाचायला शिकलेली नाही, कागदावर काहीही असो. म्हणाल्या, "रोज शाळा सुटल्यावर तिला माझ्याजवळ तासभर ठेवा, दुसरीच्या पुस्तकापासून सुरू करू, वर्षभरात ती वाचेल." पण वैशालीची आई आजारी होती आणि शाळा सुटली की धाकट्या भावाला वैशालीच सांभाळायची. तो एक तास सुपडूच्या घराला फार जड होता. खरोखर गरज असली तरच तो काढणार होता. म्हणून तो बाईंना आणि पोरीला घेऊन सरळ माझ्या ऑफिसात आला.

तो माझ्या टेबलापुढे उभाच राहिला. म्हणाला, "सर, बाई म्हनतस पोरले वाचता येस नही. कागद म्हनस ब-एक. खरं काय शे?"

बाहेर आणखी दोन-तीन पालक दारातून डोकावत होते. मी विचार केला, आता जर मी कागद खोटा म्हटला, तर उद्या सगळेच आपापले कागद घेऊन येतील. हा विचार करायला मला वेळसुद्धा लागला नाही. मी म्हटलं, "सुपडूभाऊ, कागद शाळेचा आहे. बाईंचा अंदाज चुकला असेल. मुलगी हुशार आहे तुमची."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्याने रस्त्यात चालता चालता अचानक बसकण मारावी आणि आपण त्याच्याकडे पाहावं, तसं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "सर, तुम्ही एकदा तिला काही वाचायला सांगा ना."

मी म्हटलं, "गरज नाही."

सुपडूचा चेहरा उजळला. त्याने मला वाकून नमस्कार केला, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि जाताना दारातल्या लोकांना म्हणाला, "बाईले काही कळत नही. उगाच घाबराडं करी टाकं माले." आठवड्याभरात गल्लीत तेच झालं. ही बाई पोरांना नावं ठेवते, चांगल्या पोरांना ढ म्हणते. एकीने तर असंही पसरवलं की शिकवणीची फी मिळावी म्हणून म्हणते, आणि बाईंनी आयुष्यात कोणाकडून शिकवणीचा रुपया घेतलेला नव्हता. शनिवारची माणसं कमी होत गेली आणि एका शनिवारी कोणीच आलं नाही. बाई वर्गात एकट्याच बसल्या होत्या, वह्या तपासत. मी व्हरांड्यातून गेलो. त्यांनी वर पाहिलं आणि मी भिंतीवरचं घड्याळ बघतो आहे असं दाखवून पुढे गेलो. पुढच्या वर्षी संस्थेने कोणाला तरी दोंडाईचाच्या आपल्या शाळेत पाठवायचं ठरवलं. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, शमीमबाईंचं सासर तिकडेच आहे, आणि शिवाय इथल्या पालकांशी त्यांचं जमत नाही. पहिलं कारण खरं होतं. दुसरं मीच तयार केलेलं होतं.

निरोपाच्या दिवशी, तो फोटो काढल्यानंतर, बाईंनी मला एकच विचारलं. "सर, तुम्हाला तेव्हा खरंच वाटलं होतं का, माझा अंदाज चुकला म्हणून?" मी म्हटलं, "आता जाऊ द्या बाई ते." त्या म्हणाल्या, "बरं," आणि सगळ्यांना आइस्क्रीम वाटायला गेल्या. त्यानंतर त्या मला एकदाच भेटल्या, काही वर्षांपूर्वी, फैजपूरला एका लग्नात. जेवणाच्या रांगेत मागून आवाज आला, "सर, शेवभाजी घ्या, वांग्याचं भरीत आज अ-एक आहे, पण तुम्ही सगळ्यालाच ब-एक द्याल." मला ठसका लागला. त्यांनीच पाणी आणून दिलं. म्हणाल्या, तिकडे पालकांचं पुन्हा सुरू केलंय, "हेडसरांना कमी ऐकू येतं, म्हणून चाललंय." त्या हसत होत्या. ते हसणं पाहून मी मनाशी ठरवून टाकलं की बाई विसरल्या, म्हणजे मीही विसरायला हरकत नाही.

शोकसभेनंतर मला झोप लागेना. वाटलं, निदान एका माणसाला तरी खरं सांगायला हवं. सुपडू मला अजून मानतो. दर दिवाळीला तूरडाळीची पिशवी घेऊन येतो, पाया पडतो, "तुमना मुळे पोरनं नाव राह्यनं सर" म्हणतो. मी त्याच्या घरी गेलो. तो आता वाकला आहे, मिलमध्ये चौकीदारी करतो. मी त्याला सगळं सांगितलं. कागद मी बदलायला लावला, बाई खरं बोलत होत्या, मी खोटं बोललो. तो ऐकत होता आणि मधे मधे मान हलवत होता. मला वाटलं, आता तो ओरडेल. मी त्याची तयारी करूनच आलो होतो. तो म्हणाला, "सर, तुम्ही मोठ्या मनना मानूस. बाई गयी, आते तिनं नाव खराब नको म्हनीसन तुम्ही दोष आपलावर ली राह्यनात."

मी पुन्हा सांगितलं. शपथ घेतली. तो माझं समाधान करायला लागला. "राहू द्या सर. बाई बी काही वाईट नव्हती. चुकनी एकदाव." माझं खोटं त्याने एका वाक्यात घेतलं होतं, माझं खरं घ्यायला तो काही केल्या तयार नव्हता...

वैशाली आतून चहा घेऊन आली. ती माहेरी आली होती. आठवीनंतर तिची शाळा सुटली, हे मला ठाऊक होतं. का सुटली, हे मी कधी विचारलं नव्हतं. तिने कप खाली ठेवला आणि बापाकडे न बघता म्हणाली, "आबा, सर खरं सांगी राह्यनात. माले वाचता येत नव्हतं. मी धडा पाठ करी ठेवू अन् बोट फिरवू."

सुपडू म्हणाला, "काय बोलस तू?"

"आते बी धड येत नही. मोबाइलमां बोलीसन मेसेज धाडस मी, तो काबर?"

"मंग तवय तू काबर सांगं नही माले?"

ती माझ्याकडे पाहून म्हणाली, अगदी साधेपणाने, जणू मीही हे मान्यच करीन, "सरच म्हननात ना. गरज नही."

मी ते वाक्य बाईंना उद्देशून बोललो होतो. टेबलाच्या कोपऱ्याशी उभी असलेली पोर ते ऐकते आहे हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. मोठ्या सरांनी सांगितलं, वाचायची गरज नाही. तिने ऐकलं. इतकी वर्षं मी समजत होतो की मी बाईंचं नाव घालवलं, आणि तेवढंच निस्तरायला आलो होतो.

सुपडू उठला, माझा चहा तसाच होता तो कप उचलून आत ठेवून आला आणि दारात उभा राहून बाहेर बघत राहिला. मी निघालो तेव्हा त्याने मला नमस्कार केला नाही. ते बरं वाटलं, असं लिहिलं तर कोणाला पटणार नाही, पण बरं वाटलं. मी गल्लीच्या तोंडाशी पोहोचलो तेव्हा मागून त्याचा आवाज आला, "दोंडाईचाले बाईनं घर कोठे शे?"

शाळांचे निकाल लागल्यानंतरच्या आठवड्यात आम्ही दोघं सकाळच्या गाडीने दोंडाईचाला गेलो. गाडीत तो माझ्या शेजारी न बसता पुढच्या बाकावर बसला. बाईंचे यजमान युनूसभाई यांचं गाद्या भरायचं दुकान आहे, मागे घर. त्यांनी आम्हाला पुढच्या खोलीत नेलं. मी खुर्ची शोधत होतो. खोलीत टेबल होतं, पण ते भिंतीला अगदी चिकटवून लावलेलं, त्याच्या पलीकडे कोणाला बसता येऊ नये असं. खाली सतरंजी. युनूसभाई म्हणाले, "पालक आले की त्या खालीच बसायच्या, त्यांच्या शेजारी. समोर बसणं त्यांना चालत नसे. म्हणायच्या, समोरासमोर बसलं की कागद एकाला उलटाच दिसतो." मला माझं ऑफिसातलं टेबल आठवलं. आम्ही सतरंजीवर बसलो. सुपडूने युनूसभाईंना सांगितलं की बाई एकदा त्याच्याशी खरं बोलल्या होत्या आणि त्याने ऐकलं नाही. युनूसभाईंना त्यातलं काही माहीत नव्हतं. बाईंनी घरी कधी सांगितलंच नव्हतं. ते म्हणाले, "भाऊ, त्यांच्याशी तर मीपण भांडायचो," आणि सतरंजीची कडा सारखी करत राहिले.

तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, पायांत धूळ, हातात घडी घातलेलं प्रगतिपत्रक, आणि तिच्यामागे एक मुलगी, अर्धी लपलेली. ऊसतोड संपवून नुकतीच गावी परतली होती. "बाई शेतस का घर?" तिने विचारलं. युनूसभाईंनी तोंड फिरवलं. सुपडू खाली बघत राहिला. मग ते मलाच सांगावं लागलं. ती चौकटीला धरून खाली बसली. मग हातातल्या कागदाकडे बघून म्हणाली, "मंग हाई आते कोन सांगी?"

मी सतरंजीवर सरकून तिच्यासाठी आणि पोरीसाठी माझ्या शेजारी जागा केली.